मंगळवारचा भाव

मावशी दुकानात शिरायची ती पिशवीशिवायच. एका हातात पुठ्ठ्याला चिमट्याने लावलेला कागद, दुसऱ्या हातात पेन्सिल, आणि तोंडात दोनच शब्द: "भाव दे."

नवा दुकानदार असला तर गांगरायचाच. भाव दे म्हणजे काय द्यायचं? मान द्यायचा, की खुर्ची द्यायची? एकाने घाईघाईने तिला पाण्याचा पेला आणून दिला होता. मावशीने तो पिऊन टाकला, ओठ पुसले आणि म्हणाली, "हं. आता भाव दे."

सव्वीस वर्षं ती हेच करत होती. आकडेवारीच्या कचेरीत तिची नोकरी. दर मंगळवारी बस पकडायची, घरापासून दोन थांब्यांवर उतरायचं आणि ठरलेल्या अकरा दुकानांत जाऊन बासष्ट वस्तूंचे भाव टिपून आणायचे. साबण, मेणबत्ती, बुटाची नाडी, पाव, दाढीचं पातं, कोल्ड्रिंक. तिच्यासारख्यांचे कागद एकत्र करून महागाई किती वाढली ते वरची माणसं काढायची. बाजारात तिला सगळे भावमावशी म्हणत. तिला ते आवडायचं; फक्त मागून कुणी "भाव खाते" म्हटलं तर आवडायचं नाही.

दुकानदाराच्या जिभेवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. कचेरीचा नियम तिला तोंडपाठ होता: फळीवरच्या पुढच्या रांगेतला माल बघायचा, त्यावर चिकटवलेला भाव वाचायचा, तोच लिहायचा. दुकानदार काय बडबडतो ते लिहायला कागदावर रकानाच नाही. आणि दुसरा नियम असा की दुकानदाराशी कामाची चर्चा करायची नाही. हा दुसरा नियम तिने जरा जास्तच पाळला, त्यातून पुढचं सगळं रामायण झालं.

चार महिन्यांपूर्वी सरकारने साखर घातलेल्या कोल्ड्रिंकवर कर बसवला. अर्ध्या लिटरच्या बाटलीमागे चार. लोकांनी गोड कमी प्यावं, दात आणि पोटं शाबूत राहावीत, असा त्यामागचा विचार. कर लागू होण्याच्या आधीच्या मंगळवारी कोपऱ्यावरच्या दुकानदाराने मावशीला थांबवलं. त्याला अख्खा बाजार 'सुट्टेनाहीत' म्हणायचा, कारण आजवर त्याने कुणाला सुट्टे परत दिल्याचा पुरावा नव्हता. दोन-चार नाण्यांच्या जागी तो हातावर गोळ्या टेकवायचा.

"मावशी," त्याने हळूच विचारलं, "एवढी वर्षं लिहिताय. हे कागद जातात कुठे?"

"वर."

"वर जाऊन काय होतं?"

"त्यावरून ठरतं," मावशी म्हणाली, आणि पुढच्या दुकानाकडे वळली.

पुढचे चार महिने तिला या दोन शब्दांची आठवणही आली नाही.

मग एका बुधवारी साहेबांनी बोलावलं. साहेब नवे होते, तरणेबांड, टेबलावर एकही कागद नाही. त्यांनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. त्यावर एक तांबडी रेघ जिना चढल्यासारखी वर गेली होती, आणि खाली एक निळी रेघ आडवी झोपली होती.

"बाई, ही तांबडी म्हणजे बाकीचं शहर. कोल्ड्रिंकचा भाव तीसवरून पस्तीस-छत्तीसला गेला. आणि ही निळी तुमची. कर लागून चार महिने झाले, तुमच्या अकराच्या अकरा दुकानांत बाटली अजून तीसलाच."

"माझे दुकानदार भले असतील, साहेब."

"बासष्ट वस्तूंपैकी एकाच वस्तूपुरते भले?"

सुट्टेनाहीतला भला म्हणायला मावशीचीही जीभ रेटेना.

"घरी बसून रकाने भरता असं मी म्हणत नाही," साहेब म्हणाले, "पण कागद म्हणतोय. शुक्रवारपर्यंत मला काहीतरी सांगा. नाहीतर पुढच्या महिन्यापासून तुमची फेरी बंद. दुकानदार आपापले भाव फोनवरून कळवतील, तुम्ही इथे बसून पाकिटांवर पत्ते चिकटवा."

फेरी बंद झाल्याचं तिला एवढं लागलं नसतं. पायही दुखायचे अलीकडे. पण 'घरी बसून'! सव्वीस वर्षांत ती पायाला फोड आला असताना गेली होती, दाढ काढली त्या दिवशी गाल धरून गेली होती. आणि वर फोनवरून भाव? म्हणजे मांजरालाच विचारायचं, दूध किती होतं म्हणून.

दुपारी ती तणतणत घरी आली. तिच्या कच्च्या चिठ्ठ्यांवर दर वेळी दुकानदाराची सही असायची. वर्ष संपलं की त्या सगळ्या ती माळ्यावरच्या ट्रंकेत जपून ठेवायची. चिठ्ठ्या साहेबांच्या टेबलावर ओतायच्या आणि म्हणायचं, घ्या, मोजा माझे पाय.

"अहो! शिडी धरा!"

अहो म्हणजे तिचा नवरा. पंचवीस वर्षं ती त्याला एवढ्या खणखणीत आवाजात हाक मारत आली होती की शेजारपाजारच्यांना त्याचं दुसरं नाव माहीतच नव्हतं. पोरंसोरं त्याला अहोकाका म्हणत. एका दवाखान्यात कंपाउंडर होता. लोकांची औषधं मोजण्यात आयुष्य गेलं, निवृत्त झाला आणि सहा महिन्यांत स्वतःच्याच रक्तात साखर सापडली. डॉक्टरांनी गोड बंद केलं आणि चालायला सांगितलं. चालण्याचा त्याला मनापासून कंटाळा. मंगळवार मात्र चुकवायचा नाही. मावशी बाहेर पडली की पाठोपाठ पिशवी घेऊन हाही निघायचा. मावशीला त्याचं कौतुक वाटायचं.

"माळ्यावर काय काढतेस?" अहोकाकांचा आवाज जरा पातळ झाला.

"चिठ्ठ्या."

"मी काढतो की. तू उतर. गुडघे बघ तुझे."

"गुडघ्यांना काय धाड भरलीय? शिडी धरा."

ट्रंकेवर जुनी गादी गुंडाळून ठेवली होती. मावशीने ती ओढली. गादी उलगडली आणि तिच्यातून बाटल्या निसटल्या. एक पडली, मग तीन पडल्या, मग सगळ्या मिळून खडखडत, उड्या मारत शिडीवरून खाली आल्या. एक अहोकाकांच्या टाळूवर आपटली. सगळ्या रिकाम्या. सगळ्या कोल्ड्रिंकच्या.

मावशी शिडीवर, अहोकाका बाटल्यांत. शेवटची एक बाटली अजून गडगडत होती, ती कपाटाला टेकली.

"चाळीस आहेत," अहोकाका शेवटी म्हणाले. "मोजत बसू नकोस."

"कचऱ्यात का नाही टाकल्या?"

"कचरा तू टाकतेस ना."

मावशी खाली उतरली. बाटली उचलली. तोंडावर आलेली शिवी बाहेर पडणार तोच तिला बाटलीच्या कडेची कागदी पट्टी दिसली. जुन्या काळी औषधाच्या बाटलीला डोस कळावेत म्हणून खाचा पाडलेली पट्टी लावायचे, तसलीच. तीन खाचा. वर अहोकाकांच्या किरट्या अक्षरात तारीख, आणि खाली: 'दिवसातून एकदा, जेवणानंतर.'

"हे काय आहे?"

"अगं, म्हणून तर त्रास झाला नाही. मापात घेत होतो. एका बाटलीचे तीन डोस."

"डोस!"

"पंचवीस वर्षांची सवय आहे. हात ऐकत नाही."

मावशी हसली असती, पण तिची नजर आता दुसरीकडे गेली होती. बाटलीच्या गळ्याखाली पिवळं लेबल होतं. तीस. तो तिरका, शेपटी तुटलेला तिनाचा आकडा ती झोपेतही ओळखू शकली असती. सुट्टेनाहीतच्या लेबल मारायच्या यंत्राचा तीन सव्वीस वर्षं असाच लंगडतोय.

"ही माझ्या दुकानातली आहे," ती सावकाश म्हणाली. "दोन थांबे चालून तुम्ही माझ्या दुकानांत कशाला जाता? खाली नाक्यावर मिळत नाही?"

"नाक्यावर छत्तीसला आहे."

"आणि तिथे?"

"तिथेही छत्तीसलाच. मंगळवार सोडून." अहोकाकांनी टाळू चोळली. आता गादीच उलगडली होती, तर आत काही ठेवण्यात अर्थ नव्हता. "तुला खरंच माहीत नाही? अगं, अख्ख्या बाजाराला माहीत आहे. तू येणार म्हणून मंगळवारी सकाळी पुढच्या रांगेतल्या सात-आठ बाटल्यांवर तीसचं लेबल मारतात. तू लिहून दुसरीकडे वळलीस की आम्ही आत शिरतो. पुढच्या रांगेतलीच बाटली घ्यायची. तू हाकेच्या अंतरावर असतेस, दुकानदाराला तोंड उघडता येत नाही. तीसच्या लेबलावर तीस दिले की गप घेतो."

"आम्ही म्हणजे कोण?"

"मी, तो बूट शिवणारा, शाळेतल्या दोन मास्तरणी, गॅरेजची पोरं. असतो दहा-बारा जण. लांब उभे राहतो, तुझ्या लक्षात येऊ नये म्हणून."

मंगळवारी बाजारात गर्दी असते, हे मावशीला सव्वीस वर्षं ठाऊक होतं. इतर दिवशी तिथे किती असते, हे बघायला ती गेलीच नव्हती. तिने खुर्ची ओढून घेतली.

"पण का? तीसच्या लेबलाने त्यांना माझ्याकडून काय मिळतं?"

"तूच सांगितलंस म्हणे सुट्टेनाहीतला. तू जो भाव लिहिशील त्यावरून कर ठरतो. जास्त लिहिला तर कर वाढणार. त्याने बाकीच्या दहाही दुकानदारांना बजावलं, मावशीसमोर तीसच्या वर जायचं नाही, नाहीतर सगळेच मरू."

"मी असं कधी…" आणि मावशी थांबली. त्यावरून ठरतं. तिने कपाळावर हात मारला. महागाई ठरते रे मेल्या, महागाई! एक शब्द जास्त खर्चला असता तर काय माझ्या पगारातून कापणार होते?

अहोकाकांनी संधी साधून पाणी आणून दिलं. तिने ते प्यायलं, ओठ पुसले. मग बाटली खिडकीशी धरली. लंगड्या तीसच्या कडेखालून आणखी एका पिवळ्या कागदाची कड डोकावत होती.

"अहो."

"हं?"

"मेल्यांनी खालचं लेबल काढलंच नाही. वरच मारलंय."

"वेळ कुणाला आहे काढायला?"

"चिकटलेलं लेबल न फाटता काढता येतं?"

आता अहोकाकांच्या अंगात चैतन्य आलं. औषधाच्या बाटल्यांवरची लेबलं काढून नवी लावण्यात त्यांची अर्धी हयात गेली होती. "वाफ द्यायची," ते म्हणाले, "आणि ओढायचं नाही, लोटायचं. नखाने नाही, खेळायच्या पत्त्याच्या कडेने. किटली ठेव."

उरलेली दुपार आणि गुरुवारची सगळी सकाळ त्या स्वयंपाकघरात शस्त्रक्रिया चालू होत्या. अहोकाका वाफेवर बाटली फिरवायचे, पत्त्याच्या कडेने वरचं लेबल लोटायचे. मावशी खालचा आकडा वाचायची, कुणाचं लेबल ते ओळखायची, डोसाच्या पट्टीवरची तारीख बघायची आणि कागदावर उतरवायची. तीसखाली छत्तीस. तीसखाली छत्तीस. पहिल्या मंगळवारच्या बाटलीवर तर तीन थर निघाले: वर तीस, मध्ये छत्तीस, तळाला कर बसण्याआधीचं खरंखुरं तीस.

"बेकरीवाली पस्तीस," मावशी म्हणाली. "आणि ही बघा, पेपरवाली. चौतीस. हिने तेवढे चारच वाढवले."

"कमरेला नाण्यांची थैली असते तिच्या. तिच्याकडे सुट्टे असतात. बाकीच्यांना चौतीस परवडतच नाही, चाळीसमागे सहा परत कुठून द्यायचे? छत्तीस केले की चारच उरतात, त्यांच्या गोळ्या होतात."

"म्हणजे सरकारने घेतले चार आणि सुट्टेनाहीतने घेतले सहा."

"वरचे दोन आळसाचे."

"पण माझ्यासमोर तीस लावलं होतं हो पेपरवालीनेही." हे मावशीला लागलं. तिच्याशी ती हवापाण्याचं बोलायची.

एका बाटलीच्या पट्टीवर एकच खाच होती आणि खाली लिहिलं होतं: 'चुकून. बेचव.' ती साखर नसलेली निघाली. तिच्यावर कर नव्हताच. मावशीने वरचं लेबल लोटलं. छत्तीस.

"हिला का वाढवलं?"

"मीही विचारलं होतं त्याला. म्हणाला, दोघी बहिणी एकाच फ्रीजमध्ये राहतात, एकीला नवी साडी घेतली की दुसरी रुसते."

शुक्रवारी मावशी दोन पोती घेऊन कचेरीत गेली. बसमध्ये ती एवढी खडखडली की कंडक्टरने तिला भंगारवाली समजून मागे उभं केलं. साहेबांच्या कोऱ्या टेबलावर तिने चाळीस बाटल्या तारखेप्रमाणे ओळीने मांडल्या. प्रत्येकीच्या गळ्यात दोरीने तिचं सोललेलं खोटं लेबल बांधलेलं, अंगावर खरं. मग झालेलं सगळं सांगितलं, 'त्यावरून ठरतं'सकट. चूक माझी, असंही म्हणाली.

साहेब उभे राहिले. एकेक बाटली वाकून बघत टेबलाला फेरी मारून आले. पडद्यावरच्या निळ्या रेघेचं त्यांना भानही राहिलं नाही.

"सतरा आठवडे, एकही आठवडा सुटलेला नाही," ते म्हणाले. "कर लागला त्याच आठवड्यात भाव चढलाय, वाटही पाहिली नाही. आणि चारच्या जागी सहा. बाई, हे तुम्ही कसं…" मग त्यांची नजर पट्ट्यांवर गेली. "दिवसातून एकदा, जेवणानंतर? हे काय? एवढं सगळं प्यायलं कुणी?"

"एका ग्राहकाने."

"कोण ग्राहक?"

"ग्राहकाचं नाव विचारायचं नाही असा नियम आहे, साहेब," मावशी म्हणाली. नियम तिला तोंडपाठ होतेच.

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, पट्टीवरच्या 'बेचव'कडे पाहिलं आणि तोंड वळवून खोकले. मग खुर्चीत बसून त्यांनी हुकूम दिला. निळी रेघ पुसायची, बाटल्यांप्रमाणे नवी काढायची. फेरी मावशीचीच. पण यापुढे मंगळवार नाही. दर आठवड्याला वार चिठ्ठी टाकून निघेल आणि तो तिला त्याच सकाळी कळेल.

"आणि बाई, ते घरी बसून म्हणालो…"

"कागद म्हणाला होता, साहेब. तुम्ही नाही."

पुढच्या आठवड्यात चिठ्ठीत गुरुवार निघाला. मावशी बसमधून उतरली आणि तिला बाजार ओळखूच येईना. ना गर्दी, ना मास्तरणी. बूट शिवणारा आपल्या जागेवर बसून खरोखरच बूट शिवत होता. सुट्टेनाहीत स्टुलावर पेंगत होता. ती आत शिरली, फ्रीजच्या काचेला नाक लावलं. पुढची रांग, मागची रांग, सगळीकडे छत्तीस.

"भाव दे."

सुट्टेनाहीत स्टुलावरून पडता पडता वाचला. "मावशी! आज… आज मंगळवार नाही!"

"मग बाटलीला सांग तसं."

"थांबा, दोन मिनिटं थांबा, ही लेबलं जरा जुनी…" त्याचा हात यंत्राकडे गेला.

"हात खाली," मावशी म्हणाली आणि कागदावर मोठ्या अक्षरात छत्तीस लिहिलं. त्याचा चेहरा पाहून तिने आयुष्यात पहिल्यांदा दुसरा नियम मोडला. काउंटरवर कोपर टेकून त्याला नीट समजावलं की या कागदावरून कर ठरत नाही, महागाई ठरते; कर आधीच ठरलाय, चारच आहे, तू सहा घे नाहीतर सोळा घे, तो चारच राहणार.

सुट्टेनाहीतने बोटांवर हिशोब मांडला. "म्हणजे सतरा मंगळवार, आठ-आठ बाटल्या, मी उगाच सहा कमी घेऊन विकल्या?"

"उगाच."

"आणि तुम्ही मला सांगितलंत, त्यावरून ठरतं!"

"तू विचारलं नाहीस, काय ठरतं म्हणून."

मग मावशीने फ्रीज उघडला, एक बाटली काढली आणि चाळीस पुढे केले. सुट्टेनाहीतला धक्का बसला होता, पण हात सवयीने बरणीकडे गेला. "सुट्टे नाहीत मावशी. चार गोळ्या देऊ?"

मावशीने पेन्सिल पुन्हा कागदावर टेकवली. "मग भाव चाळीस लिहू?"

गल्ल्यात आजवर कुणी न पाहिलेली चार नाणी खणखणत काउंटरवर आली.

घरी अहोकाका खिडकीत बसले होते. मंगळवार कोरडा गेला होता. बाजारातून दोनदा विचारणा झाली होती की मावशींची तब्येत बरी आहे ना. मावशीने त्यांच्यापुढे बाटली ठेवली.

"ही शेवटची," ती म्हणाली. "चोरून नाही, माझ्यासमोर प्यायची."

अहोकाकांचे डोळे लकाकले. त्यांनी बाटली उचलली, फिरवली आणि गळ्याखालचं लेबल वाचलं. वरच्या कडेला नख घालून बघितलं. खाली काही नव्हतं.

"छत्तीस दिलेस?"

"छत्तीस दिले."

"छत्तीस! या साखरेच्या पाण्याला? अगं डोकं फिरलंय का तुझं? लुटतात मेले!" त्यांनी बाटली टेबलावर आपटली. मग उठले, कात्री आणली, कागदाची पट्टी कापली, आणि जीभ दातांत धरून खाचा पाडायला लागले.

मावशी बघत राहिली. तीन झाल्या. सहा झाल्या. बाराव्या खाचेला अहोकाका थांबले आणि पट्टी बाटलीवर चिकटवून तिच्या टोकाला तारीख घातली.

"आणि खाली काय लिहू?" त्यांनी विचारलं. "दिवसातून एकदा?"

"आठवड्यातून," मावशी म्हणाली.

त्यांनी एकवार छत्तीसकडे पाहिलं, आणि निमूटपणे तसंच लिहिलं.